रोशा की गवती चहा: भट्टी टाकण्याआधी

गवतातून सुगंधी तेल काढायची भट्टी टाकायचं घरात एकदा ठरलं, की पुढचा प्रश्न गवताचा. आमच्या सातपुड्याच्या पायथ्याशी तो फिरून फिरून दोनच नावांवर येतो: रोशा की गवती चहा. सिट्रोनेला, वाळा, जिरेनियम यांचीही चर्चा होते, पण जमीन मुरमाड आणि उताराची, विहिरीने मार्चमध्ये हात टेकलेले, वर मोकाट गुरं, असं सगळं एकत्र आलं की आमच्यापुरती ती नावं मागे पडतात. ही दोन्ही गवतं मी स्वतः लावली, कापली, त्यांचं तेल काढलं आणि विकलं. आता शेतात एक जास्त आहे आणि दुसरं बांधापुरतं उरलंय. त्या दुसऱ्याला नावं ठेवायला हे लिहीत नाही; त्याच गवतावर चांगलं चाललेली घरं माझ्या ओळखीची आहेत.

लागवडीचं अंतर, खताचे डोस, टाकीचं माप, अनुदानाचे कागद हे कुठल्याही माहितीपत्रकात मिळतं, म्हणून सोडून देतो. बोलायचंय ते तेलाच्या आत काय असतं त्यावर. कारण व्यापारी आपलं गवत बघायला येत नाही. तो जीसी रिपोर्ट (गॅस क्रोमॅटोग्राफीचा, म्हणजे तेलात कुठला घटक किती टक्के ते सांगणारा) मागवतो, त्यावरच्या एका आकड्यावर बोट ठेवतो आणि भाव सांगतो.

दोन्ही गवतं सिम्बोपोगॉन या एकाच गणातली. रोशा म्हणजे सिम्बोपोगॉन मार्टिनी. विदर्भात त्यालाच तिखाडी म्हणतात. तेलासाठी लावतात तो गवती चहा बहुतेक वेळा सिम्बोपोगॉन फ्लेक्सुओसस. चांगल्या रोशाच्या तेलात साधारण 75 ते 85 टक्के जिरॅनिऑल असतं, गवती चहाच्या तेलात 70 ते 85 टक्के सिट्रल. या दोन रेणूंत फरक किती? दोन हायड्रोजन अणूंचा. जिरॅनिऑल हे दहा कार्बनचं अल्कोहोल. त्यातून दोन हायड्रोजन काढले की त्याचं अल्डिहाइड होतं, तेच सिट्रल. गवती चहाच्या पानातही आधी जिरॅनिऑल तयार होतं आणि मग तिथलंच एक एन्झाइम त्याचं सिट्रल करून टाकतं. रोशा आधीच्या पायरीवर थांबतो. म्हणून एकाला गुलाबाकडे झुकणारा वास, दुसऱ्याला लिंबाचा. वासाचं ज्याचं त्याने बघावं. मला मात्र पुढे कळलं ते असं, की अल्कोहोल डब्यात गप बसतं आणि अल्डिहाइड बसत नाही. निर्णय याच एका गोष्टीवर झाला. पण तिथे यायच्या आधी गवती चहाच्या बाजूने जे बोलायला हवं ते बोलून घेतो, कारण ते बरंच आहे.

शेतातली सोय बघितली तर गवती चहा सरळ पुढे. ठोंब आणले, मुळं छाटली, पावसाच्या तोंडावर लावले, की झालं. गादीवाफा नाही, रोपं नाहीत, बियाण्याची भानगड नाही. तेल पानात असल्यामुळे फुलोऱ्याची वाट बघायची नाही. पाणी असेल तर वर्षाला तीन-चार कापण्या मिळतात आणि कापणी आठवडाभर पुढेमागे झाली तरी रिपोर्टवर फारसा ओरखडा उठत नाही. लग्नसराई असो, घरात आजारपण असो, हे गवत थांबतं. भट्टीतही तो समजूतदार आहे. एक दिवस सुकवून भरला की दोन-अडीच तासांत बहुतेक तेल येऊन जातं, आणि तेल-पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमध्ये वर पिवळाधमक थर दिसतो तेव्हा बघायला आलेला पाहुणाही खूश होतो. तेल विकणंही सोपं. फिनाईलवाले, अगरबत्तीवाले, साबण करणारे, डासांच्या धुपाचे कारखाने, सगळ्यांना गवती चहा माहीत आहे. नाशिक-पुण्याकडे लिटर-दोन लिटर घेणारीही माणसं भेटतात.

एक सूचना मात्र द्यायला हवी. स्वयंपाकघराच्या मागे, मोरीच्या पाण्यावर वाढलेला आपला चहातला गवती चहा तेलासाठी घेऊ नका. तो बहुतेक ठिकाणी सिम्बोपोगॉन सिट्रेटस असतो. त्यातही सिट्रल भरपूर असतं, पण सोबत मिर्सिनही येतं, दहा टक्के, कधी वीसच्या आसपास. मिर्सिन हवेला लागलं की त्याच्या रेणूंच्या साखळ्या होतात, तेल दाट होतं आणि अल्कोहोलमध्ये नीट विरघळेनासं होतं. अत्तर-सेंटवाले पहिली चाचणी तीच करतात. तेलासाठीच्या जातींवर आपल्याकडचं सगळ्यात जुनं काम केरळातल्या ओडक्कालीच्या केंद्रात झालंय. ते 1951 साली सुरू झालं, तेही गवती चहाचं संशोधन केंद्र म्हणूनच. तिथली 'सुगंधी' किंवा लखनौच्या सीमॅपची (औषधी आणि सुगंधी वनस्पतींची केंद्रीय संस्था) 'कृष्णा' असे ठोंब मिळाले तर उत्तम. फुकट मिळतात म्हणून शेजारचे ठोंब आणून एकरभर लावणारे लोक मी पाहिलेत. गवत झकास येतं. प्रश्न पुढे तेल विकताना येतो.

रोशाचं सगळं याच्या उलट. बी बारीक, भुसकट लागलेलं. मातीत खोल गेलं तर उगवत नाही, वर राहिलं तर वाऱ्यावर जातं. म्हणून वाळूत नाहीतर राखेत मिसळून गादीवाफ्यावर टाकायचं, रोज झारीने पाणी द्यायचं आणि महिना-सव्वा महिन्याने रोपं उचलायची. तेही मे-जूनमध्ये, जेव्हा प्यायच्या पाण्याचे वांधे असतात. पहिल्या पावसाळ्यात रोपं आणि तण यांच्यात तणच जिंकतं, म्हणून खुरपणी चुकवता येत नाही. एकदा जम बसला की मग मात्र चार-पाच वर्षं खोडव्यावर चालतं, आणि पाण्याचा एखादा हप्ता चुकला तरी गवती चहाइतकं रुसत नाही.

पण रोशाची खरी अडचण कापणीची. तेल मुख्यतः फुलोऱ्यात असतं, थोडं पानात, आणि दांड्यात जवळजवळ नसतंच. म्हणजे तारीख गवत ठरवणार. आमच्याकडे मुख्य फुलोरा पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या आगेमागे येतो, आणि नेमकं तेव्हाच अख्खं गाव कापूस वेचायला गेलेलं असतं. मजूर मिळत नाही. मिळाला तर वेचणीच्या भावाने मिळतो. थांबून चालत नाही, कारण बी पिकून झडायला लागलं की तेलाचा उतारा पडतो. घाई करूनही चालत नाही. कोवळ्या फुलोऱ्यात जिरॅनिल अ‍ॅसिटेटचं प्रमाण जास्त असतं. फुलोरा पक्व होत जातो तसं गवतातलं एन्झाइम ते अ‍ॅसिटेट तोडून जिरॅनिऑल मोकळं करतं. त्यामुळे एकाच शेतातलं, एकाच भट्टीतलं तेल पंधरा दिवसांच्या फरकाने वेगळा रिपोर्ट देतं. मी आता एवढंच बघतो: हिरवा फुलोरा तांबूस पडायला लागला आणि हातात चुरगळल्यावर बी अजून गळत नसेल, की दुसऱ्या दिवशी विळा. अ‍ॅसिटेट म्हणजे काही दोष नव्हे, हेही सांगतो. दहा टक्क्यांच्या आसपास असेल तर वासाला फळासारखी गोड बाजू येते आणि काही अत्तरवाल्यांना तीच हवी असते. पण साधा व्यापारी जिरॅनिऑलचा आकडा बघतो.

भट्टीवर रोशा जरा जास्त वेळ खातो, आणि त्याचं काही तेल पाण्यात उरतं. जिरॅनिऑल पाण्यात थोडं विरघळतं, त्यामुळे सेपरेटरमधून जाणारं पाणी फेकून दिलं तर त्यासोबत तेलही जातं. तेच पाणी पुढच्या बॅचला परत टाकीत घ्यायचं. हे केलं नाही तर उताऱ्याचं गणित कायम बिघडलेलं दिसतं.

आता जंगली रोशाबद्दल. भट्टी टाकणारा जवळजवळ प्रत्येक नवा माणूस मला हेच विचारतो: डोंगरात फुकट उभा आहे, मग लावायचा कशाला?

उभा आहे हे खरंच. नंदुरबार, तळोदा, अक्राणीच्या बाजूला इंग्रजांच्या काळापासून रोशाच्या भट्ट्या चालत आल्या आणि त्या सगळ्या रानातल्या गवतावर. नंदुरबारचं रोशाचं तेल संधिवातावर चोळायला तेव्हापासून नावाजलेलं. पण रानात रोशा एक नाही, दोन आहेत: मोतिया आणि सोफिया. वनस्पतिशास्त्रात दोघांचं नाव एकच, लांबून बघाल तर गवतही एकच, फुलोराही सारखाच तांबूस. तेल मात्र एकमेकांशी नातं नसल्यासारखं. मोतियात जिरॅनिऑल. सोफियात ते अगदी कमी, आणि त्याच्या जागी लिमोनिन, कार्वोन, पेरिलिल अल्कोहोल आणि मेंथाडाइनॉल नावाची मंडळी. बाजारात सोफियाचं तेल जिंजरग्रास म्हणून वेगळं विकतात, बऱ्याच कमी भावात. मोतिया कोरड्या, उघड्या उतारावर तुरळक बेटं करून राहतो. सोफियाला ओल लागते, म्हणून तो खालच्या अंगाला, नाल्याकाठी दाट माजतो. आता मला सांगा, मोळीच्या हिशेबाने पैसे मिळणार असतील तर कापणारा माणूस उन्हात तुरळक बेटं शोधत चढेल की नाल्याकाठचं दाट गवत कापेल? त्याची चूक नाही. पण त्या मोळ्या टाकीत एकत्र गेल्या की रिपोर्टमध्ये कार्वोन आणि लिमोनिनच्या ओळी डोकं वर काढतात आणि तेल गुलाबाच्या रांगेतून उठून जातं.

ओळखायचं कसं, तर माझ्याकडे नाकाशिवाय दुसरं यंत्र नाही. फुलोऱ्याचं टोक तळहातावर जोरात चोळायचं आणि लगेच हुंगायचं नाही; दोन श्वास जाऊ द्यायचे. मोतिया असेल तर गोडसर, गुलाबी वास उरतो. सोफिया असेल तर आधी तिखट वास येतो आणि मागून बाळंतशेपा आल्याचा भास होतो. तो भास नसतोच. शेपात कार्वोन असतं, तेच इथे नाकाला लागतं. सकाळच्या पाच-दहा मोळ्या हुंगल्यावर नाक बोथट होतं, मग मध्ये बाहेर जाऊन यावं लागतं. दुपारनंतर आलेल्या मोळ्यांवर मी निकाल देत नाही.

रानातलं बी आणून शेतात लावणं हाही मग जुगार ठरतो, कारण दोन-चार झाडं सोफियाची निघाली तर ती बी टाकत राहतात आणि वर्षागणिक वाटा वाढवतात. म्हणून मी सीमॅपच्या जातींचं बी घेतो, 'तृष्णा' किंवा 'पीआरसी-1'. हिशेबाला ते पक्कं पडतं. बाकी मनातलं सांगायचं तर निव्वळ मोतियाच्या, उतारावरच्या रानगवताचं थोडं तेल कधी स्वतःपुरतं काढलं तर त्याचा वास मला शेतातल्यापेक्षा भरीव वाटतो. रिपोर्टवर ते कुठे दिसतं ते मला दाखवता येणार नाही. विकायला मात्र शेतातलंच.

तर इथपर्यंत मोजलं तर पारडं गवती चहाकडे झुकायला हवं. लावायला सोपा, कापायला सोपा, भट्टीत सोपा, विकायला सोपा. भावाने रोशा बहुतेक वर्षी किलोमागे वर असतो, पण गवती चहाच्या जास्त कापण्या ती दरी बऱ्यापैकी भरून काढतात. मीही हेच गणित मांडून सुरुवातीला गवती चहा जास्त लावला होता, आणि ते गणित कागदावर आजही चूक वाटत नाही.

कटकट सुरू होते ती तेल डब्यात गेल्यावर.

ताजं तेल ताज्या भावात गेलं तर काहीच प्रश्न नाही. पण भाव पडलेला असतो तेव्हा शेतकरी काय करतो? थांबतो. कांदा चाळीत ठेवतो, कापूस घरात भरतो, तूर कोठीत ठेवतो. तेल तर डबाबंद, जागा खात नाही, उंदीर लागत नाही, ते ठेवायला काय जातंय? असं म्हणून तेल पत्र्याच्या खोलीत राहतं. बाहेर खानदेशचा एप्रिल-मे, दुपारी 42-43 अंश, आत त्याहून जास्त. मध्ये कुणीतरी नमुना मागतो म्हणून डबा उघडला जातो, बाटली भरली जाते, आणि डब्यात वरती तेवढी हवा शिरते. पावसाळ्याच्या तोंडावर भाव उठतो, आपण नव्याने रिपोर्ट काढतो, आणि भट्टीतून निघालं तेव्हा 75 च्या चांगलं वर असलेलं सिट्रल 70 च्या आसपास घुटमळताना दिसतं. "75 च्या खाली आम्हाला जमत नाही, दादा. पण तुमच्यासाठी बघतो," असं फोनवर ऐकलं की पुढचा भाव काय असणार ते कळतं.

हे एकदा घडलं असतं तर नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण मला त्या रिपोर्टच्या खालच्या ओळी वाचायची सवय लागली आणि मग चित्र स्पष्ट दिसायला लागलं. वरचा आकडा सगळेच बघतात. खाली, एक-दोन टक्क्यांच्या गर्दीत, मिथाइल हेप्टेनोन नावाची एक ओळ असते. ताज्या तेलातही ते थोडं असतंच. पण सिट्रल पाण्याच्या संगतीत तुटतं तेव्हा त्यातून हेच निघतं, त्यामुळे ही ओळ फुगलेली दिसली की समजायचं: तेलात ओल राहिली आहे आणि काम आतून सुरू आहे. दुसरी ओळ पॅरा-सायमीनची. तेलाला आंबटपणा चढला की सिट्रलची साखळी स्वतःभोवती वळून कडं होते आणि शेवटी सायमीनसारख्या गोष्टी बनतात. लिंबाच्या ताज्या वासाला रॉकेलची कडा येते ती यांच्यामुळे. तिसरं म्हणजे हवेने सिट्रलचं जिरॅनिक आम्ल होतं, ते आंबटपणा आणखी वाढवतं, आणि मग वरचं काम जोरात चालतं. ज्याला रिपोर्ट वाचायचा कंटाळा आहे त्याने डब्याचं झाकण बघावं. आट्यांवर चिकट, मधासारखा पदार्थ जमलेला असतो, झाकणातलं रबराचं वायसर फुगून बसलेलं असतं आणि तेलाचा पिवळा रंग तांबूसकडे सरकलेला असतो.

उपाय नाहीत असं नाही. मी ते सगळे करतो आणि करावेतच. तेल गाळल्यावर निर्जल सोडियम सल्फेट टाकून ओल काढायची. अ‍ॅल्युमिनियमचे डबे घ्यायचे आणि गळ्यापर्यंत भरायचे. नमुन्यासाठी वेगळी छोटी बाटली सुरुवातीलाच भरून ठेवायची म्हणजे मोठा डबा उघडावा लागत नाही. पत्र्याच्या खोलीऐवजी घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, अंधारात ठेवायचं. टाकीचा गंज तेलात उतरू द्यायचा नाही. जाणकार डब्यात नायट्रोजन भरायला सांगतात, आणि त्यांचं बरोबर आहे, पण शेतावर नायट्रोजनचा सिलिंडर कोण आणून ठेवणार? या सगळ्याने घसरण मंदावते, एवढं माझ्या अनुभवाने सांगू शकतो. थांबत नाही. दोन-चार टक्के तर जातातच, आणि नेमके तेच दोन-चार टक्के 75 च्या रेषेवर बसलेले असतात.

टक्क्यांपेक्षा मला टोचलं ते दुसरंच. व्यापाऱ्याला हे सगळं आपल्याआधी माहीत असतं. गवती चहाचं तेल घेऊन बसलेल्या माणसाला फार थांबता येत नाही, हे तो जाणतो, म्हणून तो थांबतो. "पुढच्या महिन्यात बघू" हे वाक्य त्याला फुकट पडतं आणि आपल्याला टक्क्याने पडतं.

रोशाच्या बाबतीत हेच वाक्य दोघांनाही सारखंच पडतं. एका वर्षी रोशाचा भाव बसला तेव्हा मी डबे बंद करून विसरल्यासारखे ठेवले. पुढच्या दिवाळीनंतर रिपोर्ट काढला तर जिरॅनिऑल जवळपास तिथेच, अ‍ॅसिटेट किंचित कमी. वास उलट जरा मवाळ, गोलसर वाटला. भट्टीतून निघाल्या निघाल्या जो गवताचा हिरवा उग्रपणा असतो तो बसून गेला होता. आता एक खरं की जिरॅनिऑल काही अमर नाही. हवा, ऊन मिळालं तर त्यातलंही थोडं ऑक्सिडाइज होतं, त्याचंही जिरॅनियल बनतं, म्हणजे सिट्रलचाच एक भाग. उघडा डबा कुठल्याच तेलाचा ठेवू नये. पण माझ्या पत्र्याच्या खोलीत, माझ्या हयगयीसकट, रोशा टिकला आणि गवती चहा टिकला नाही. ही काही प्रयोगशाळेची नोंद नव्हे, एका घरचा अनुभव आहे. तुमच्याकडे थंड खोली असेल तर निकाल वेगळाही लागेल.

या टिकाऊपणाचा एक जुना दाखलाही आहे, आणि तो मला फार आवडतो. एकोणिसाव्या शतकात आपल्या भागातलं आणि सातपुड्यापलीकडच्या निमाडातलं रोशाचं तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे इस्तंबूलला जायचं. युरोपात त्याला 'तुर्की जिरेनियमचं तेल' म्हणत, कारण तुर्कांच्या हातून येतं म्हणजे तुर्कस्तानातलंच असणार असा समज. तिथे ते लिंबाचा रस घातलेल्या पाण्यात घुसळायचे, मग उन्हात ठेवून रंग उतरवायचे, आणि मग बल्गेरियातल्या गुलाबाच्या अत्तरात भेसळ म्हणून खपवायचे. गुलाबाच्या तेलातही जिरॅनिऑल असतंच, त्यामुळे पकडणं अवघड. भेसळीचं समर्थन करत नाही. पण बघा ना: उन्हाळ्यातला समुद्रप्रवास, लिंबाचं आंबट पाणी, वरून उन्हातली वाळवण, आणि एवढं होऊन तेल गुलाब म्हणून विकलं जातंय. सिट्रलला यातली आंबट पाण्याची एक पायरीसुद्धा सोसली नसती.

बाजाराचं थोडक्यात. सिट्रलला कारखान्याची स्पर्धा फार जुनी आहे. एकेकाळी गवती चहाच्या तेलातून आयोनोन हे सुगंधी रसायन आणि पुढे अ जीवनसत्त्व बनायचं, म्हणून त्याला जगभर मागणी होती. पेट्रोलियमपासून सिट्रल स्वस्तात बनू लागलं तसा तो आधार गेला. चीनकडून लिट्सिया क्युबेबा नावाच्या झाडाच्या फळांचं तेलही येतं, त्यातही सिट्रलच. आज जगातला सिट्रलचा मोठा वाटा मोजक्या कारखान्यांतून येतो. 2017 च्या ऑक्टोबरअखेर जर्मनीत लुडविग्सहाफेनला बीएएसएफ या रसायन कंपनीच्या सिट्रल प्रकल्पाला आग लागली तेव्हा सुगंधाच्या आणि जीवनसत्त्वांच्या जगभरच्या बाजारात पळापळ झाली होती. जिरॅनिऑलही कारखान्यात बनतं, त्यामुळे रोशा या स्पर्धेतून सुटलेला नाही. पण रोशापासून काढलेल्या जिरॅनिऑलला वेगळा भाव देणारे गिऱ्हाईक अजून आहेत, कारण त्यातले ते थोडे लिनालूल, ऑसिमिन, कॅरिओफिलिन, फार्नेसॉल वासाला जी खोली देतात ती कारखान्याच्या ड्रममध्ये नसते. अडचण एवढीच की हे गिऱ्हाईक अत्तरांच्या कन्नौजला, मुंबईला बसलेले. गावात येऊन लिटरभर रोशा मागणारा विरळा. ओळख व्हायला एक-दोन हंगाम जातात, आणि तेवढा काळ तेल टिकतं हे पुन्हा रोशाच्याच पथ्यावर पडतं.

साबण स्वतः करणार असाल तर सिट्रलमुळे वडी पिवळी पडते आणि वास लवकर उडतो, असं करणाऱ्यांकडून ऐकतो. निर्यातीचा विचार असेल तर सिट्रल आणि जिरॅनिऑल दोन्ही युरोपच्या अ‍ॅलर्जीच्या यादीत आहेत. अंगावर राहणाऱ्या वस्तूत 0.001 टक्क्याच्या वर आणि धुऊन जाणाऱ्या वस्तूत 0.01 टक्क्याच्या वर गेलं की लेबलवर नाव छापावं लागतं. इथे दोघांत डावं-उजवं नाही, जरी कातडीला सिट्रल जास्त झोंबतं हे भट्टीवर काम करणारा कुणीही सांगेल.

तर कुणी काय घ्यावं? पाणी बारमाही असेल, शहर जवळ असेल आणि दर महिन्याला थोडं थोडं तेल विकून मोकळं व्हायचं असेल तर गवती चहाच घ्या, रोशाच्या नादी लागू नका. तुमचं तेल डब्यात म्हातारं होणारच नाही. कोकणातला पाऊस असेल तरीही बहुधा तोच. पण जमीन हलकी, पाऊस बेताचा, गिऱ्हाईक लांब, आणि भाव पटेपर्यंत थांबायची सवय असेल, तर रोशाची मे महिन्यातली रोपवाटिका आणि ऑक्टोबरमधली मजुरांची ओढाताण सोसण्यासारखी आहे, असं मला वाटतं. पहिल्या वर्षी तेल कमी निघेल, त्याने खचू नका.

आणि एक भट्टी, दोन गवतं असं करायचं असेल, जसं मी बांधावरच्या गवती चहासाठी अजून करतो, तर क्रम सांभाळा. हंगामात आधी रोशाच्या सगळ्या बॅच काढून घ्यायच्या, मग गवती चहा. उलट केलं तर टाकीच्या झाकणाच्या खाचेत आणि कंडेन्सरच्या नळीत बसलेलं सिट्रल पुढच्या रोशात उतरतं आणि रिपोर्टवर नेरलची, म्हणजे सिट्रलच्या दुसऱ्या भागाची, ओळ दिसली की समोरचा भेसळीचा संशय घेतो. क्रम उलटा करावाच लागला तर रिकामी टाकी तासभर नुसत्या वाफेवर चालवायची, झाकणाचं पॅकिंग बदलायचं, आणि पहिल्या बॅचचं तेल वेगळ्या डब्यात काढायचं.